गांव आणि असामी

पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांत, मोरगांवच्या जवळ, सुपें नांवाचें एक जुनें बाजारगांव आहे. शहाजीराजांच्या जहागिरीचा उल्लेख ‘पुणें व सुपें’ अशा जोडनांवानें होतो, त्यांतलेंच हें सुपें. आणि शिवाजीमहाराजांनीं १६५६ सालीं आपले सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्या ताब्यांतून जें ठाणें घेतलें, तेंही हेंच. एवढा मान मिळाल्यावर एखाद्या गांवानें इतिहासाकडे आणखी काय मागावें? परंतु सुप्याचें नांव विलायतेच्या पार्लमेंटपुढील कागदांत जाऊन बसलें तें या राजकारणामुळें नव्हे. बुधवार, ता. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत जमलेल्या कुणब्यांनीं गुजर व मारवाडी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. खतें व वह्या बाहेर ओढून त्यांची होळी केली. धान्याचीं दुकानें लुटलीं. त्या दिवसापासून जो प्रकार सुरू झाला, त्यास इतिहासांत ‘दख्खनचे दंगे’ असें नांव पडलें आहे.

दंग्याची हकीगत सांगावयास सोपी असते. आग, लूट, फौज, तुरुंग, एवढ्यांत ती आटोपते, आणि शाळेंतील मुलेंही ती सहज पाठ करतात. परंतु सुप्यास होळी पेटण्यापूर्वीं पांच महिने शेजारच्या शिरूर तालुक्यांत जें घडत होतें, त्यांत आगही नव्हती आणि लूटही नव्हती. तेथें लोकांनीं केवळ कामें करावयाचीं सोडलीं होतीं. माणसाचें आपल्या गांवाशीं, आपल्या धंद्याशीं आणि शेजाऱ्याशीं कोणतें नातें असतें, हें ज्यास समजून घ्यावयाचें आहे, त्यानें सुप्याच्या जळत्या वह्यांइतकेंच या न केलेल्या कामांकडे लक्ष दिलें पाहिजे.

त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. जुन्या मराठी गांवाचीं अंगें दोन: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्ती. पण ती नुसत्या घरांची नव्हे, तर त्या घरांत नांदणाऱ्या समाजाचीही. पांढरीनें साक्ष दिली, पांढरीनें निवाडा केला, अशीच भाषा बोलली जाई. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग इत्यादि बलुतेदार वर्षभर गांवाचें काम करीत आणि सुगी झाली म्हणजे खळ्यावर येऊन धान्याचा वांटा नेत. न्हाव्यानें डोकें केलें म्हणून त्याच्या हातावर कोणी तेव्हांच पैसा ठेवीत नसे, आणि सुताराचा नांगर घरीं आला म्हणजे त्याचा हिशेब त्याच दिवशीं पुरा होत नसे. काम आज, मोबदला सुगीस. मधलें अंतर भरून काढावयाचें तें एकमेकांच्या भरंवशानें. या व्यवस्थेंत ‘माझें काम’ आणि ‘गांवाचें काम’ यांच्यामध्यें रेघ ओढणें कठीण होतें.

हा सारा मेळ समतेचा होता, असें मात्र कोणीं समजूं नये. महारानें गांवकुसाबाहेर राहावें, मेलेलें जनावर ओढावें, सरकारी कामास हांक मारतांच धांवावें, आणि त्याबद्दल मिळेल तें बलुतें मुकाट्यानें घ्यावें, हाही त्याच व्यवस्थेचा भाग होता. गांव माणसाला आधार देई, त्याचप्रमाणें त्याला त्याच्या जागीं बांधूनही ठेवी. एकाच दोराचीं हीं दोन टोकें होत.

सरकारसाऱ्याचेंही तसेंच होतें. पेशवाईंत गांवाचा एकूण आकार पाटलानें गांवातर्फे कमाविसदाराशीं ठरवावा, आणि त्याची वांटणी मग गांवानें आपापसांत करावी, अशी सामान्यतः रीत होती. १८१९ सालीं एल्फिन्स्टनसाहेबांनीं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यांत एकेक गांव म्हणजे लहानसें राज्यच होय अशा अर्थाचें वर्णन आहे, तें या व्यवस्थेस उद्देशून. सावकार त्याही काळीं होता, आणि तो कांहीं दयेचा सागर नव्हता. तो तगादा लावी, कुळाच्या दारीं माणूस धरणें बसवी. परंतु व्याजाची बेरीज मुद्दलापेक्षां अधिक होऊं नये, हा दामदुपटीचा दंडक सर्वांच्या तोंडीं होता. आणि भांडण झालेंच तर तें पंचांपुढें, म्हणजे कुळास व त्याच्या बापास ओळखणाऱ्या माणसांपुढें जाई. सावकारास जितकी कुळाची गरज, तितकीच गांवाच्या अनुकूल मताचीही गरज होती. देहूच्या तुकोबांची कथा सर्वांस ठाऊक आहे: घरांत सावकारी, घरचीं खतें दोघां भावांत वांटून, आपल्या वांट्याचीं त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते. सगळे सावकार तुकोबा नव्हते हें खरें. पण सावकार हाही गांवाचाच एक माणूस असूं शकतो, हें त्या कथेंत गृहीत धरलेलें आहे.

१८१८ सालीं पेशवाई गेली आणि हा पाया हलला. इंग्रजांनीं या मुलखांत रयतवारी आणली. प्रिंगलसाहेबांची पहिली मोजणी इतकी जड झाली कीं लोक शेतें टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनीं १८३६ च्या सुमारास जी नवी जमाबंदी केली, ती प्रथम लागू झाली सुप्यालगतच्या इंदापूर तालुक्यांत. शेताशेताला नंबर पडला, नंबरावर आकार बसला, आणि प्रत्येक नंबरापुढें एका खातेदाराचें नांव आलें. जुन्या दप्तरांत माणसामाणसाच्या हिशेबास ‘असामीवार’ असा शब्द आहे. आतां सगळी शेती असामीवार झाली. पाटलाच्या लहरीपासून आणि भाऊबंदांच्या बाकीपासून शेतकरी सुटला, हा या पद्धतीचा मोठा गुण होता, आणि तो नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु त्याच्या आणि सरकारच्या मधून जे उठले, ते त्याच्या पाठीमागूनही उठले. पीक बुडालें तर तें त्या असामीचें बुडालें. हप्ता थकला तर त्या असामीचा थकला. हप्त्याची तारीख आली आणि धान्य अजून विकावयाचें असलें, म्हणजे तो असामी एकटाच सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसे.

तेथें दुसरी वही उघडी होती, आणि तींतही तो असामीच होता. आतां पंचांच्या जागीं दिवाणी कोर्ट आलें होतें. कोर्टास गांवाचें मत नको होतें. त्यास खत हवें होतें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें सही केलेल्या खताची मुदत तीन वर्षांची केली. व्याजाचे डोंगर वाढूं नयेत, हा त्यांतील उद्देश. परंतु सावकारांनीं दर तीन वर्षांनीं नवें खत लिहून घ्यावयाची चाल पाडली: थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवावयाचें, आणि त्या सर्वावर पुनः व्याज. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांवर व्याज आकारल्याचें एक उदाहरण पुढें कमिशनच्या नजरेस आलें. अक्षरशत्रु कुणबी अंगठा करी. दावा लागला म्हणजे तालुक्याच्या गांवीं जावयास त्याला ना वेळ, ना धैर्य. आणि हुकूमनामे बहुतेक एकतर्फी होत. दामदुपटीचा दंडक लोकांच्या तोंडीं राहिला आणि कागदावरून उडाला.

यापुढील गोष्टी प्रसिद्ध आहेत. त्या थोडक्यांत सांगतां येतील. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि दख्खनच्या कापसास सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यास मागेल तितकें कर्ज मिळूं लागलें. १८६५ त लढाई संपली, भाव उतरले, आणि पेढ्यांनीं हात आंखडते घेतले. नेमकी त्याच सुमारास तीस वर्षांची जमाबंदी संपून फेरतपासणी आली. १८६७ पासून इंदापुरांत व पुढें इतर तालुक्यांत सारा वाढला, कोठें कोठें दीडपट-दुपटीपर्यंत. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या वाढीविरुद्ध गाऱ्हाणें मांडलें. सुपें त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत मोडत होतें. तो मुलूख पर्जन्यछायेंतला, ज्वारी-बाजरीचा. दहा वर्षांनीं, १८८५ त, नीरेचा डावा कालवा सुरू झाला तोही दक्षिणेकडच्या नीराकांठास. सुप्याच्या माळास त्याचें पाणी नव्हतें.

आतां करड्याची हकीगत. शिरूर तालुक्यांतील हें गांव सुप्याच्या उत्तरेस, भीमेच्या पलीकडे आहे. तेथें काळूराम नांवाच्या मारवाडी सावकारानें बाबासाहेब देशमुख या घरंदाज शेतकऱ्यावर दीडशें रुपयांच्या देण्याबद्दल हुकूमनामा मिळविला, आणि त्याच्या जोरावर देशमुखाचें घर पाडविलें. हा प्रकार १८७४ सालच्या डिसेंबरांतला. घराची किंमत काय होती, कर्ज खरें किती होतें, हे प्रश्न कोर्टाचे. गांवानें पाहिलें तें एवढेंच कीं देशमुखाच्या घराच्या भिंती वाण्याच्या हुकुमानें खालीं आल्या. ज्या घराच्या ओसरीवर गांव बसत होतें, तें घर राहिलें नाहीं. कायद्याप्रमाणें यांत कांहींच वावगें नव्हतें, हें विशेष ध्यानांत ठेविलें पाहिजे. काळूरामानें गुन्हा केला नव्हता. त्यानें आपला हक्क बजाविला होता.

मग गांवानेंही आपला हक्क बजाविला. देशमुखाच्या बाजूनें गांव एक झालें, आणि मारवाड्यांशीं व्यवहार ठेवावयाचा नाहीं असें ठरलें. न्हावी त्यांच्या ओट्यावर जाईना, परीट त्यांचे कपडे उचलीना, पाणक्या पाणी भरीना, गडी शेतांत पाऊल टाकीना. कोणीं कोणास मारलें नाहीं, कोणाचें कांहीं चोरलें नाहीं. तरी थोड्याच दिवसांत काळूरामास व त्याच्या भाऊबंदांस करड्यांत राहणें अशक्य झालें. ज्या माणसाजवळ गांवांतील निम्म्याअधिक लोकांचीं खतें होतीं, त्याला एक घागर पाणी मिळेना. त्याच्या वहींत सगळें गांव एकेका असामीच्या रूपानें लिहिलेलें होतें; परंतु पाणी भरणारा, केर काढणारा, दाढी करणारा, असे सगळे मिळून जें गांव होतें, तें त्या वहींत कोठेंच नव्हतें.

करड्याचें पाहून शेजारचीं गांवें तसें करूं लागलीं, आणि कांहीं ठिकाणीं लोकांनीं ठराव लिहून काढले. यांस ‘संमतिपत्र’ म्हणत. इंदापूर तालुक्यांतील कळस गांवचें असें एक पत्र सरकारी चौकशींत पुढें आलें. त्याचा आशय असा: गुजरांचीं शेतें कोणीं करूं नयेत, त्यांची चाकरी कोणीं धरूं नये. जो धरील, त्याचें काम न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार व इतर बलुतेदार यांनीं करूं नये. त्याला जातीच्या पंक्तीस बसूं देऊं नये, त्याच्याशीं सोयरीक करूं नये. त्याला पुनः गांवांत घ्यावयाचें झाल्यास सर्व गांवाची संमति लागेल, आणि त्यानें दंड भरून गांवास जेवण द्यावें.

हें पत्र दोनदां वाचावें असें आहे. पहिल्या वाचनांत तें सावकाराविरुद्ध आहे असें वाटतें. दुसऱ्या वाचनांत दिसतें कीं सावकारास त्यांत एक-दोन वाक्यें आहेत. बाकीचा सारा मजकूर गांवच्याच माणसास उद्देशून आहे. वाळींत पडण्याचें भय सावकारापेक्षां त्या कुणब्यास अधिक, ज्याच्या घरांत उद्यांची भाकरी सावकाराच्या शेतावरच्या मजुरीवर अवलंबून आहे. सावकार शिरुरास किंवा पुण्यास निघून जाईल, आपल्या मारवाडांत जाईल. हा कोठें जाणार? न्हाव्याची अवस्था तर आणखी अवघड. सावकाराची हजामत सोडली तर एक गिऱ्हाईक जातें. धरली तर खळ्यावरचें वर्षाचें बलुतें जातें. त्याचा सावकाराशीं कांहीं वाद होता का, हें त्या पत्रांत कोणीं विचारलेलें नाहीं. जी गोष्ट त्यानें आपल्या मनानें केली असती, तीच त्याला भयानें करावी लागली असेल, किंवा उलटही असेल; कागदावरून दोहोंतला फरक दिसत नाहीं, आणि दिसावा अशी त्या पत्राची इच्छाही नव्हती.

गांवकीचें सामर्थ्य आणि गांवकीचा जुलूम हीं येथें एकाच वाक्यांत येतात. सहा बलुतेदारांपैकीं दोघांनीं गुपचूप काम चालू ठेविलें असतें, तर बहिष्कार एक आठवडाही टिकला नसता. म्हणून सर्वांची संमति हवी, आणि सर्वांची संमति हवी म्हणून ती न देणारास शिक्षा हवी. करड्याच्या देशमुखास गांवानें जो आधार दिला, तो याच धाकाच्या बळावर. गोरगरिबांजवळ दुसरें शस्त्र कोणतें होतें, हा प्रश्न रास्त आहे; आणि कोर्टाचीं दारें त्यांना ज्या प्रकारें उघडत, तें पाहतां त्याचें उत्तर सोपें नाहीं.

सुप्यास मात्र शस्त्र बदललें. बाजारचा दिवस, मे महिना, म्हणजे शेतांत काम नाहीं, हातीं पैसा नाहीं, आणि पेरणीस बी हवें. आसपासच्या गांवांचे लोक जमलेले. वह्या द्या, खतें द्या, अशी मागणी झाली, आणि तींतून लूट व जाळपोळ झाली. चोवीस तासांच्या आंत चौदा मैलांवरील केडगांवांत एका बड्या मारवाड्याच्या गंजीस व घरास आग लागली. तेथून लोण नगर जिल्ह्यांत पोंचलें, आणि तीसांहून अधिक गांवें या फेऱ्यांत सांपडलीं. त्या दिवसांत अशी एक वदंता फिरत होती कीं कोणा इंग्रजास सावकारांनीं भिकेस लाविलें, त्यानें राणीकडे दाद मागितली, आणि राणीनें मारवाड्यांचीं खतें काढून घेण्याचा हुकूम पाठविला आहे. हंसण्यासारखी गोष्ट नव्हे ती. ज्या लोकांना कोर्टाच्या हुकुमानें बेघर केलें होतें, त्यांना त्याहून मोठा हुकूम कोणाचा तरी असलाच पाहिजे असें वाटावें, हें स्वाभाविक होतें. आपण बंड करीत आहों असें त्यांतील पुष्कळांना वाटतही नसेल.

या दंग्यांत दोन गोष्टी लक्षांत येण्यासारख्या आहेत. एक अशी कीं, खतें निमूटपणें हवालीं केलीं तेथें बहुधा अंगावर हात पडला नाहीं; राग माणसापेक्षां कागदावर अधिक होता. दुसरी अशी कीं, याच भागांत ब्राह्मण सावकारही होते, आणि त्यांचे व्याजाचे दर कांहीं पुण्यकर्माचे नव्हते. तरी ते बहुतांशीं सुटले. कारण ते गांवांतले होते. त्यांच्या लग्नास गांव जेवत होतें, त्यांच्या घरीं कोणी वारलें तर गांव दारांत उभें राहत होतें. मारवाडी किंवा गुजर सावकार दुकान मांडून बसला, तरी त्याचें सोयरसुतक सगळें दूर देशीं. साऱ्याच्या हप्त्यास रोकड पुरविणारा, बियाण्यास धान्य देणारा तोच होता. त्याच्यावांचून सरकारचा वसूलही झाला नसता. परंतु गांवाचें त्याच्याशीं जें नातें होतें तें वहींतलें, आणि वही जळाली कीं संपणारें. न्यायाच्या दृष्टीनें पाहिलें तर हा भेद समर्थनीय नाहीं. एकाच दरानें व्याज घेणारे दोघे, त्यांतला एक सुटतो आणि दुसऱ्याचें घर लुटलें जातें, तें केवळ तो परका म्हणून. परक्याविषयींचा हा द्वेष पुढें कोणत्या थरास जाऊं शकतो, हें जगानें नंतर अनेक देशांत पाहिलें आहे.

सरकारनें फौज आणिली. पुणें जिल्ह्यांत ५५९ आणि नगर जिल्ह्यांत ३९२, मिळून ९५१ लोक पकडले गेले. त्यांपैकीं ३०१ आणि २०० जणांवर गुन्हे शाबीत झाले. म्हणजे जमावानें केलेल्या कृत्याचा हिशेब पुनः असामीवार झाला. परंतु त्याचबरोबर दंगेखोर ठरलेल्या गांवांत जादा पोलीस ठेविण्यांत आले, आणि त्यांचा खर्च त्या त्या गांवावर बसविण्यांत आला. सारा ठरवितांना, कर्जाचा दावा चालवितांना जें गांव सरकारला दिसत नव्हतें, तें पोलिसांचा खर्च वसूल करतांना मात्र बरोबर दिसलें! त्या काळच्या राज्यकारभाराची ही एक मोठी गंमत आहे.

१८७५ सालीं नेमलेल्या कमिशनचा अहवाल १८७८ त पार्लमेंटपुढें गेला, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस साहाय्य करणारा कायदा झाला. त्या कायद्यानें न्यायाधीशास खताच्या पाठीमागें जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकणें बंद केलें, गांवोगांव खतें नोंदणारे रजिस्ट्रार नेमले, आणि दावा लावण्यापूर्वीं समेट घडवून आणणारे लोक नेमले. न्यायमूर्ति रानड्यांनीं पुढें याच कायद्याखालीं खास न्यायाधीशाचें काम केलें. कायद्याच्या भाषेंत न बोलतां सांगावयाचें तर, पूर्वीं पंच जें करीत त्याचा थोडासा अंश कोर्टांत परत आला. दंग्यांचें महत्त्व लेखकांनीं फार फुगविलें आहे, असें नील चार्ल्सवर्थ या अभ्यासकानें १९७२ सालीं प्रतिपादिलें. गांवें थोडीं होतीं आणि दिवसही थोडे होते, हें त्याचें म्हणणें खरें आहे. तरीपण चार वर्षांत एवढा कायदा करावयास लावणारे दंगे अगदींच किरकोळ म्हणतां येणार नाहींत. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानें खेड्यांतील संस्थांस अमर्याद जबाबदारीचें तत्त्व घातलें, तें जर्मनींतील रायफायझेनच्या संस्थांवरून घेतलेलें होतें. पण एकाचें कर्ज थकलें तर तें सर्वांच्या दारीं येतें, हा विचार या मातीस नवा नव्हता.

बहिष्काराच्या शस्त्राचें पुढें काय झालें? सुप्यानंतर पांच वर्षांनीं, १८८० च्या शरदृतूंत, आयर्लंडच्या मेयो परगण्यांत लॉर्ड अर्न याच्या जमिनीचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्यावर कुळांनीं हाच प्रयोग केला. गडी निघून गेले, दुकानदार माल देईनात. शेतांतलें पीक काढावयास उत्तरेकडून पन्नासेक माणसें फौजेच्या पहाऱ्यांत आणावीं लागलीं. इंग्रजी भाषेस त्याच्या नांवावरून एक नवा शब्द मिळाला, आणि तो आज जगभर चालतो. करड्यास सहा वर्षें आधीं तीच गोष्ट घडली होती. तिला आपल्याकडे नव्या शब्दाची गरज पडली नाहीं. ‘वाळींत टाकणें’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या तयारच होता.

आणि तो तयार होता हेंच दुःखाचें कारणही ठरलें. करड्यास हें शस्त्र सबळाविरुद्ध वापरलें गेलें, तें अपवादानें. एरवीं तें ज्यांच्या हातीं जमीन आणि बलुतें होतें, त्यांच्याच हातीं राहिलें. मार्च १९२७ मध्यें महाडच्या चवदार तळ्याचें पाणी अस्पृश्य समाजानें प्राशन केलें, आणि कोणी मेलेलें जनावर ओढण्याचें नाकारलें, कोणी सार्वजनिक विहिरीवर गेलें, कीं गांवें त्यांच्यावर उलटत: दुकान बंद, मजुरी बंद, वाट बंद. १९२८ सालीं मुंबई सरकारनें स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितींत डॉ. आंबेडकर सभासद होते. त्या समितीनें उघड मारहाणीइतकेंच या मुक्या बहिष्काराचें भय नोंदून ठेविलें, आणि गोलमेज परिषदेपुढें असा बहिष्कार दंडनीय करावा अशी मागणी डॉ. आंबेडकरांनीं मांडली. ज्याच्याजवळ जमीन नाहीं आणि ज्याचें पोट रोज गांवाच्या हातांत आहे, त्याला वाळींत टाकण्यास काठीही उगारावी लागत नाहीं.

ती मागणी महाराष्ट्रांत पुरी व्हावयास फार वर्षें लागलीं. जातपंचायतींनीं कुटुंबेंच्या कुटुंबें वाळींत टाकल्याचीं प्रकरणें वारंवार उघडकीस आल्यावर, राज्याच्या विधिमंडळानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला, आणि तो २०१७ च्या जुलैपासून अंमलांत आला. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यांत शिक्षा आहे. कोणकोणतीं कृत्यें बहिष्कार ठरतात याची त्यांत लांबलचक यादी दिली आहे: व्यवहार तोडणें, सेवा नाकारणें, समारंभांतून वगळणें, लग्नसंबंधास आडकाठी करणें. कळसच्या कुणब्यांनीं दीडशें वर्षांपूर्वीं गुजरांविरुद्ध आपल्या पत्रांत जीं जीं कलमें लिहिलीं, त्यांतील जवळजवळ प्रत्येक या यादींत गुन्हा म्हणून उतरलें आहे.